जखम भरली तरी दुखणं का उरतं? (जुनाट वेदनेमागचं शरीरशास्त्र)

शरयू_क

रिपोर्ट नॉर्मल आले, मग दुखतंय कशाला? दुखण्यांवरच्या प्रत्येक चर्चेत हा प्रश्न येतो, आणि विचारणाऱ्याने त्याआधी बहुतेक वेळा "तुझ्या मनाचं आहे ते" हे ऐकून घेतलेलं असतं. म्हणून स्वतंत्र धागा काढतेय. मी शरीरक्रियाशास्त्र शिकवते, रुग्ण तपासत नाही, त्यामुळे कोणती गोळी घेऊ हे मला विचारू नका. पण दुखणं ३ महिन्यांच्या पुढे रेंगाळलं (वैद्यकशास्त्र साधारण तिथून त्याला जुनाट म्हणतं) की शरीरात काय बदलत जातं ते सांगू शकते. बदल खरा असतो, पेशींच्या पातळीवर असतो, आणि एक्स-रे किंवा नेहमीच्या एमआरआयमध्ये दिसत नाही.

आधी तात्पुरतं दुखणं. पायाच्या बोटाला ठेच लागली की पहिल्यांदा सणकन कळ जाते आणि क्षणभराने मागून ठणका येतो. हे दोन वेगळ्या तंतूंचं काम. कळ आणणारे ए-डेल्टा तंतू सेकंदाला साधारण ५ ते ३० मीटर वेगाने संदेश नेतात. ठणका आणणारे सी तंतू बारीक, त्यांच्यावर मायलिनचं वेष्टन नसतं, त्यांचा वेग सेकंदाला ०.५ ते २ मीटर. या तंतूंच्या टोकांवर निरनिराळी प्रथिनं बसलेली असतात. त्यांतलं टीआरपीव्ही-१ साधारण ४३ अंश सेल्सिअसला उघडतं, आणि मिरचीतल्या कॅप्सेसिननेही उघडतं. म्हणून तिखट "भाजतं". ते १९९७ साली डेव्हिड ज्युलियस यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. स्पर्श आणि दाब ओळखणारी प्रथिनं शोधणाऱ्या आर्डेम पातापूटियन यांच्यासोबत त्यांना २०२१ चं नोबेल मिळालं.

आता जखमेभोवती दाह झाला की प्रोस्टाग्लँडिन, ब्रॅडिकायनिन, चेतावृद्धी घटक अशी रसायनं तिथे जमतात आणि याच प्रथिनांचा उंबरठा खाली आणतात. उन्हाने भाजलेल्या कातडीला कोमट पाण्याचाही चटका बसतो तो यामुळे. इथवर सगळं उपयोगाचं आहे. दुखरा भाग आपण जपतो, तो भरून येतो, रसायनं ओसरतात, उंबरठा पूर्ववत होतो.

जुनाट दुखण्याची गोष्ट पुष्कळदा याच्या पुढच्या मुक्कामावर सुरू होते, मज्जारज्जूत. कातडीतून आलेला तंतू तिथे दुसऱ्या चेतापेशीला संदेश देतो. त्या दुसऱ्या पेशीवर एनएमडीए नावाचा ग्राही (रासायनिक संदेश पकडणारं प्रथिन) असतो. एरवी त्याच्या तोंडाशी मॅग्नेशियमचा आयन अडकलेला असतो, त्यामुळे किरकोळ संदेशांना तो दाद देत नाही. वेदनेचा मारा जोराचा आणि सलग झाला की मॅग्नेशियम बाहेर फेकलं जातं, कॅल्शियम आत शिरतं, आणि पेशी आपल्या पृष्ठभागावर आणखी ग्राही आणून बसवते. पुढच्या खेपेला तेवढ्याच संदेशाला ती जास्त मोठं उत्तर देते. मेंदूत आठवण पक्की होते तीही याच यंत्रणेने. मज्जारज्जू वेदना अक्षरशः शिकतो.

१९८३ साली क्लिफर्ड वूल्फ यांनी उंदरांवरच्या प्रयोगात हे दाखवलं. पायाला इजा झाल्यावर उंदराची पाय आखडण्याची प्रतिक्षिप्त क्रिया फारच हळवी झाली. मग त्यांनी इजेची जागा बधिर केली, तरी हळवेपणा राहिला. म्हणजे तो जखमेत नव्हता, मज्जारज्जूत होता. याला सेंट्रल सेन्सिटायझेशन म्हणतात.

माळरान

छान समजावलंय शरयूताई. एक शंका. ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाच्या मज्जारज्जूवर असा मारा होतोच ना? मग बहुतेक जण महिन्याभरात हिंडू-फिरू लागतात आणि एखाद्याचंच दुखणं का चिकटून बसतं?

शरयू_क

माळरान, अगदी योग्य ठिकाणी बोट ठेवलंत. वर मी फक्त वर जाणाऱ्या संदेशांचं लिहिलं. मेंदूकडून खाली मज्जारज्जूपर्यंत येणारे मार्गही असतात आणि ते वेदनेला ब्रेक लावतात. मध्यमस्तिष्कात एका बारीक नलिकेभोवती करड्या पेशींचा पट्टा आहे. १९६९ साली डेव्हिड रेनॉल्ड्स यांनी उंदरांच्या मेंदूत या जागेला विजेचा सौम्य प्रवाह दिला आणि भूल न देता त्यांच्या पोटावर शस्त्रक्रिया केली. उंदीर शांत होते. शरीराची स्वतःची अफूसारखी रसायनं, एंडॉर्फिन वगैरे, याच वाटेवर काम करतात.

माणसातही हे दिसलंय. दुसऱ्या महायुद्धात हेन्री बीचर या भूलतज्ज्ञांनी इटलीच्या आघाडीवरचे गंभीर जखमी सैनिक पाहिले. त्यांतल्या साधारण तीन-चतुर्थांश जणांनी वेदनाशामक मागितलंच नाही. ते पूर्ण शुद्धीवर होते. पुढे १९७८ मध्ये अक्कलदाढ काढलेल्या रुग्णांवर प्रयोग झाला. औषध नसलेल्या नुसत्या इंजेक्शनने ज्यांचं दुखणं कमी झालं होतं, त्यांना नॅलोक्सोन दिल्यावर ते परत वाढलं. नॅलोक्सोन अफूजन्य रसायनांना अडवतं. म्हणजे त्या "खोट्या" औषधाचा गुण शरीरातल्या खऱ्या रसायनांतून आला होता.

मेंदूकडून येणारा हा मार्ग उलट्या दिशेनेही चालतो. मेंदूच्या बुंध्यात वेदना दाबणाऱ्या पेशी आहेत, तशाच ती वाढवणाऱ्याही आहेत. काही लोकांत दाबणारी बाजू मुळात कमजोर असते. ऑपरेशननंतर कोणाचं दुखणं टिकेल याचे काही अंदाज बांधता येतात: पहिल्या दिवसांत वेदना फार तीव्र असणं, शस्त्रक्रियेत मज्जातंतूला इजा होणं, आधीपासून कुठेतरी दुखणं असणं, झोप बिघडलेली असणं, मोठी चिंता असणं. आनुवंशिकतेचाही वाटा आहे. म्हणूनच ऑपरेशननंतरचं दुखणं सोसत बसू नये, वेळेवर सांगावं.

सुलभा_म

मला नागीण झाली होती, बरगड्यांवर, डाव्या बाजूला. फोड कधीच सुकले, आता नुसते फिकट डाग आहेत. पण त्या पट्ट्यावर कपड्याची शिवण टेकली तरी आग होते. पंख्याचा वारा लागला तरी अंगावर काटा येतो. आणि हे सांगितलं तर कोणाला पटत नाही, तळहाताने घट्ट दाबून धरलं की बरं वाटतं. हलका स्पर्श नको आणि घट्ट दाब चालतो! घरचे म्हणतात दाबलेलं चालतं तर दुखतंय कुठे. शरयू, तू सांग बाई, असं असू शकतं का?

शरयू_क

सुलभाताई, असं असतं, आणि तुम्ही केलेलं वर्णन नागिणीनंतरच्या वेदनेचं इतकं नेमकं आहे की वर्गात वाचून दाखवावं. घरच्यांना खालचा मजकूर जरूर वाचायला द्या.

कांजिण्यांचा विषाणू लहानपणी शरीरात शिरतो आणि पाठीच्या कण्याशेजारच्या चेतापेशींच्या पुंजक्यात दडून राहतो. नागीण म्हणजे तोच विषाणू एका मज्जातंतूतून बाहेर येणं. म्हणून पट्टा एका बाजूलाच उठतो. येताना तो त्या तंतूला जखमी करतो. कातडी भरते, तंतू पूर्ण भरत नाही. जखमी तंतूवर सोडियमच्या वाहिन्या (सोडियम आत घेणारी दारं, ज्यांच्यामुळे संदेश निघतो) चुकीच्या जागी गोळा होतात आणि कोणी हात न लावताही तो आपोआप संदेश सोडत राहतो.

स्पर्शाचं कोडं मज्जारज्जूत सुटतं. हलका स्पर्श नेणारे तंतू वेगळे, ए-बीटा जातीचे. त्यांचा वेदनेच्या पेशींशी संबंध असतो, पण निरोगी माणसात तो दाबून ठेवलेला असतो. दाबून ठेवण्याचं काम गाबा हे रसायन करतं. गाबा पेशीचं दार उघडतं, बाहेरचा क्लोराइड आत येतो आणि पेशी शांत होते. हे व्हायला पेशीच्या आत क्लोराइड कमी असायला हवा. तो सतत बाहेर उपसणारा एक पंप असतो, केसीसी-२.

मज्जातंतूला इजा झाली की मज्जारज्जूतल्या मायक्रोग्लिया पेशी जाग्या होतात. या संरक्षक पेशी आहेत, संदेश नेणाऱ्या नव्हेत. त्या बीडीएनएफ नावाचं प्रथिन सोडतात आणि त्याने हा पंप कमी होतो. क्लोराइड आत साठतो. आता गाबाने दार उघडलं तरी क्लोराइड आत येत नाही, काही पेशींत तर उलटा बाहेर पडतो आणि पेशी शांत होण्याऐवजी चेतवली जाते. ब्रेक दाबावा आणि गाडी पुढे जावी, तसं. जेफ्री कुल आणि यीव्ह द कोनिंक यांच्या गटाने २००३ आणि २००५ साली हे उंदरांत एकेक पायरीने दाखवलं. मग शिवणीचा स्पर्श सरळ वेदनेच्या पेशीपर्यंत जातो.

तळहाताने स्थिर दाब दिला की त्या भागावर सरकणारा, हलणारा स्पर्श थांबतो आणि ए-बीटा तंतूंचा सततचा मारा कमी होतो. या आजाराच्या कित्येक रुग्णांना घासणारा कपडा सोसत नाही आणि घट्ट बसणारा चालतो, असं दिसतं. तुम्ही काहीही वाढवून सांगत नाही आहात.

सुलभा_म

वाचता वाचता डोळ्यांत पाणी आलं गं. मुलाला आणि सुनेला दोघांनाही पाठवलं.

गॅसमास्क

मी भूलतज्ज्ञ, गेली बरीच वर्षं पेन क्लिनिकमध्ये आहे. शरयूताईंच्या लिखाणाला क्लिनिकच्या बाजूने थोडी पुस्ती.

आम्ही वेदनेचे ढोबळ तीन प्रकार करतो. पहिला, उतीला इजा किंवा दाह झाल्याने होणारी, जसं झिजलेला गुडघा. दुसरा, खुद्द मज्जातंतूच्या बिघाडाची, जसं सुलभाताईंचं दुखणं किंवा मधुमेहात तळपायांची होणारी आग. तिसरा प्रकार २०१७ मध्ये आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने अधिकृतपणे स्वीकारला, नोसिप्लास्टिक. यात ना उतीची पुरेशी इजा सापडते ना तंतूची, पण वेदना हाताळणारी यंत्रणाच बदललेली असते. फायब्रोमायल्जिया, म्हणजे सर्वांग दुखत राहण्याचा आजार, यातला. एकाच माणसात तिन्ही असू शकतात आणि बऱ्याचदा असतातच. झिजलेल्या गुडघ्याच्या एका रुग्णाला सांधेबदलाने पूर्ण आराम पडतो आणि दुसऱ्याचा नवा सांधा उत्तम बसूनही दुखत राहतं, याचं एक कारण हे.

दुसरं, "गादी सरकली" या शब्दांबद्दल. माणसं एमआरआयचा कागद हातात घेऊन येतात, चेहरा पडलेला असतो. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या आढाव्यात पाठ अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे स्कॅन तपासले होते. विशीतल्या ३७ टक्के लोकांत मणक्यातल्या गादीची झीज होती, ऐंशीच्या घरात ९६ टक्के. गादी फुगलेली असण्याचं प्रमाण विशीत ३० टक्के आणि ऐंशीला ८४ टक्के. यातल्या कोणाचीही पाठ दुखत नव्हती! त्यामुळे कागदावरचा शब्द वाचून घाबरू नका.

मात्र काही लक्षणांत थांबायचं नाही: लघवी-शौचावरचा ताबा जाणं, जांघेत आणि बैठकीच्या जागी बधिरपणा, पायातली ताकद कमी होत जाणं, दुखण्यासोबत ताप किंवा कारण नसताना वजन उतरणं, पूर्वी कर्करोग झालेला असणं. अशा वेळी सरळ डॉक्टरांकडे जायचं, धागे वाचत बसायचं नाही.

रोखठोक

डॉक्टर, हे जरा एकांगी होतंय. माझ्या सख्ख्या भावाची गादी सरकून नस दबली होती. कंबरेपासून पोटरीपर्यंत चमक जायची, उभं राहता येत नव्हतं. ऑपरेशन झालं आणि शुद्धीवर आल्या आल्या म्हणाला की पाय मोकळा झाला. मग गादीचा संबंध नाही असं कसं म्हणता?

गॅसमास्क

रोखठोक, तुमच्या भावाचं उदाहरण चांगलं आणलंत, कारण फरक तिथेच कळतो. त्यांना पायात उतरणारी चमक होती आणि ती दबलेल्या नसेच्या मार्गाने जात होती. लक्षण आणि स्कॅन जुळले की शस्त्रक्रियेचा चांगला उपयोग होतो. संबंध नाही असं मी म्हणत नाही. स्कॅनमध्ये फुगवटा दिसला म्हणून कंबरेचं प्रत्येक दुखणं त्याच्या नावावर घालू नये, इतकंच म्हणतोय.

आणखी एक गोष्ट. नस निव्वळ दाबामुळेच दुखते असं नाही. गादीच्या आतला मऊ गर बाहेर येऊन नसेच्या मुळाला लागला की त्याच्यातल्या रसायनांनी तिथे दाह होतो. प्राण्यांवरच्या प्रयोगात दाब न देता नुसता हा गर मुळाशी ठेवला तरी नसेचं काम बिघडलं. म्हणूनच पुष्कळ जणांचा पाय दाह ओसरेल तसा ऑपरेशनशिवायही मोकळा होतो, आणि बाहेर आलेला गर शरीर कालांतराने बरंचसं शोषूनही घेतं.

केतकी_

नोसिप्लास्टिक हा शब्द वाचून लिहायचं धाडस करतेय. मला फायब्रोमायल्जिया आहे. सकाळी उठताना अंग ठेचून काढल्यासारखं असतं, रात्रभर झोपूनही झोप झालेली नसते. रक्ताच्या सगळ्या तपासण्या नॉर्मल. एका डॉक्टरांनी माझ्यासमोर नवऱ्याला सांगितलं की यांना छंद लावा. कुठेतरी, कशात तरी हे दिसतं का? पुराव्यासाठी विचारत नाही. मला स्वतःलाच कळायला हवंय.

शरयू_क

केतकी, दिसतं. नेहमीच्या तपासण्यांत नाही, पण दिसतं.

२००२ मध्ये रिचर्ड ग्रेसली आणि सहकाऱ्यांनी फायब्रोमायल्जिया असलेल्या आणि नसलेल्या लोकांच्या अंगठ्याच्या नखावर मोजूनमापून दाब दिला, तोही एमआरआय यंत्रात, मेंदूचं काम चालू असताना. निरोगी लोकांना जो दाब जेमतेम जाणवत होता, त्याच दाबाला आजारी लोकांच्या मेंदूत वेदनेशी संबंधित कितीतरी जागा उजळल्या. निरोगी लोकांच्या मेंदूत तसंच चित्र दिसायला जवळपास दुप्पट दाब द्यावा लागला. नखावर दाब आला की मेंदू असं उत्तर देईल, हे कोणी ठरवून घडवू शकत नाही.

त्याआधी १९९०च्या दशकात अशा रुग्णांच्या मणक्यातल्या पाण्यात सबस्टन्स पी हे वेदनेचा संदेश नेणारं रसायन निरोगी लोकांच्या साधारण तिप्पट सापडलं होतं. कातडीचा बारीक तुकडा काढून पाहिल्यावर काही रुग्णांत सूक्ष्म चेतातंतू विरळ झालेले दिसले. आणि २०२१ चा प्रयोग तर मला फार महत्त्वाचा वाटतो. रुग्णांच्या रक्तातली आयजीजी प्रतिपिंडं वेगळी करून उंदरांना टोचली. उंदीर दाबाला आणि थंडीला हळवे झाले, त्यांच्या पंजाची पकड ढिली पडली. निरोगी माणसांच्या प्रतिपिंडांनी असं काही झालं नाही. काही आठवड्यांनी प्रतिपिंडं शरीरातून निघून गेली तसे उंदीर सुधारले. ही प्रतिपिंडं कण्याशेजारच्या त्याच पुंजक्यातल्या आधारपेशींना चिकटलेली सापडली. प्रत्येक रुग्णाचं कारण हेच, असा निष्कर्ष यातून निघत नाही. पण उंदराला छंद लावून हे जाणार नव्हतं, हे नक्की.

केतकी_

धन्यवाद ताई. शेवटचं वाक्य मी जपून ठेवणार आहे.

मिलिंद_अभि

अभियंता आहे, त्यामुळे प्रश्न तसाच. इतके टप्पे आहेत तर सगळ्यात पहिला, म्हणजे तंतूतली सोडियमची वाहिनी, तिथेच बंद का करून टाकत नाहीत? संदेश निघालाच नाही तर पुढचं सगळं टळेल.

शरयू_क

मिलिंद, औषध कंपन्यांनी नेमका हाच विचार केला, आणि त्याचं मूळ २००६ च्या एका शोधनिबंधात आहे. पाकिस्तानच्या उत्तर भागात काही कुटुंबांतल्या मुलांना जन्मापासून वेदनाच होत नव्हती. त्यांच्यात एससीएन-९ए हे जनुक बिघडलेलं निघालं आणि त्यामुळे एनएव्ही-१.७ ही सोडियम वाहिनी चालत नव्हती. त्यांतल्या ज्या मुलापासून अभ्यासाची सुरुवात झाली तो दंडात सुऱ्या खुपसून आणि निखाऱ्यांवर चालून रस्त्यावर खेळ करायचा. चौदावा वाढदिवस येण्याआधीच छपरावरून उडी मारून तो गेला. बाकीच्या मुलांच्या ओठांवर, जिभेवर स्वतःच्याच दातांच्या जखमा होत्या, हाडं मोडून वेडीवाकडी जुळलेली होती. वेदना मुळातच नसणं किती भयंकर, ते यातून कळतं. याच वाहिनीचा उलटा बिघाडही होतो. ती गरजेपेक्षा सहज उघडू लागली की हातपाय लाल होऊन असह्य आग होते.

एनएव्ही-१.७ अडवणाऱ्या औषधांनी आजवर बहुतेक निराशाच केली. तिची भावंडं हृदयात आणि स्नायूंत काम करतात, त्यामुळे नेमकी हीच वाहिनी पुरेशी बंद करणं अवघड ठरलं. तिची सख्खी शेजारीण एनएव्ही-१.८ मात्र प्रामुख्याने वेदनेच्या तंतूंतच असते. तिला अडवणाऱ्या सुझेट्रिजिनला अमेरिकेच्या एफडीए या औषध नियामक संस्थेने जानेवारी २०२५ मध्ये मान्यता दिली, पण तात्पुरत्या तीव्र वेदनेसाठी.

जुनाट दुखण्यात पहिलं दार बंद करून भागेलच असं नाही, याचं कारण वर वूल्फ यांच्या प्रयोगात आलंय. अर्थात कित्येक रुग्णांत परिघाकडून येणारा संदेशच आतला हळवेपणा जागता ठेवतो आणि तो थांबवला तर आतलंही शांत होतं. त्यामुळे तुमची कल्पना टाकाऊ अजिबात नाही.

आजोळ

छोटा प्रश्न. लागलं की आपण आपोआप चोळतो आणि बरं वाटतं, ते का?

गॅसमास्क

रोनाल्ड मेलझॅक आणि पॅट्रिक वॉल यांनी १९६५ मध्ये मांडलेला गेट कंट्रोल सिद्धांत. चोळल्याने स्पर्शाचे जाड तंतू चेतवतात, ते मज्जारज्जूतल्या अडवणाऱ्या पेशींना कामाला लावतात आणि वेदनेचा संदेश वर जायला अडतो. फिजिओथेरपीत वापरतात ते टेन्सचं यंत्र याच विचारातून आलं. त्या काळच्या तपशिलांत पुढे दुरुस्त्या झाल्या, पण वेदना म्हणजे कातडीपासून मेंदूपर्यंतची एक सरळ तार, ही समजूत या निबंधाने मोडली.

माळरान

शेवटी मनाचा संबंध आहे की नाही, हे दोघांपैकी कोणीतरी स्पष्ट लिहा. ताणाच्या दिवसांत माझी मान जास्त दुखते, हा माझा अनुभव आहे. पण तसं म्हटलं की लगेच "बघ, मनाचंच आहे" होतं.

शरयू_क

माळरान, संबंध आहे आणि तोही शारीरिकच आहे. भीती, लक्ष, अपेक्षा, झोप हे सगळं मेंदूत ज्या जाळ्यांत चालतं, त्यांच्याच फांद्या मध्यमस्तिष्कातल्या त्या करड्या पट्ट्यापर्यंत जातात. ताणात वेदना दाबणारी बाजू ढिली पडते आणि वाढवणारी चढते. एका रात्रीच्या जागरणानेही निरोगी माणसाचा वेदनेचा उंबरठा खाली येतो, हे प्रयोगांत मोजलेलं आहे. ताणाने दुखणं वाढतं यावरून ते दुखणं ताणातून जन्मलं असं ठरत नाही. दम्याचा झटकाही ताणात वाढतो, म्हणून श्वासनलिका खोट्या होत नाहीत.

कंबरदुखी नुकतीच सुरू झालेल्या लोकांवर वर्षभर लक्ष ठेवून केलेला एक अभ्यास २०१२ मध्ये आला. ज्यांच्या मेंदूत भावना आणि मोल ठरवणाऱ्या दोन भागांमधला संवाद, म्हणजे पुढचा मध्यवर्ती कॉर्टेक्स आणि न्यूक्लियस अॅक्युंबन्स यांचा, सुरुवातीलाच जास्त घट्ट होता, त्यांचं दुखणं टिकण्याची शक्यता जास्त निघाली.

मेंदूतल्या बदलांबद्दल वाचून काही जण हताश होतात, त्यांच्यासाठी हे मुद्दाम. वानिया अपकारियन यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवलं की जुनाट कंबरदुखीत मेंदूतला करडा भाग काही ठिकाणी कमी होतो. ही बातमी फार पसरली. २००९ मध्ये दुसऱ्या एका गटाने खुब्याच्या सांध्याचे रुग्ण घेतले. त्यांच्याही मेंदूत असे बदल होते. सांधा बदलला, दुखणं गेलं, आणि पुढच्या स्कॅनमध्ये ते बदल बऱ्याच अंशी भरून आले होते. ही बातमी मात्र तितकी पसरली नाही. ती पसरायला हवी होती.

सुनील_पाटकर७

मग हालचाल करावी की आराम? एकजण म्हणतो चाला, दुसरा म्हणतो दुखेल ते करू नका.

गॅसमास्क

ताज्या जखमेत दुखणं हा थांबण्याचा इशारा असतो. यंत्रणाच हळवी झालेली असेल तेव्हा "दुखलं म्हणजे आत काहीतरी तुटलं" हे गणित लागू पडत नाही. धोक्याची लक्षणं नाहीत हे एकदा तपासून घेतलं की हालचाल हवीच. निरोगी माणसात व्यायामानंतर वेदना काही काळ कमी जाणवते, कारण वरून येणारा ब्रेक कामाला लागतो. फायब्रोमायल्जियात सुरुवातीला हे उलटं होऊ शकतं. म्हणून केतकीसारख्यांनी अगदी थोड्यापासून सुरू करावं आणि बऱ्या दिवशी सगळं उरकून घेण्याचा मोह टाळावा. बऱ्या दिवशी केलेला अतिरेक पुढचे दोन-तीन दिवस वसूल करतो. हे मी क्लिनिकमध्ये रोज पाहतो.

सुलभा_म

मला प्रीगाबालिन दिलंय. नातेवाईक म्हणतात हे फिटचं औषध आहे, कशाला घेतेस. सोबत रात्री अमिट्रिप्टिलिनची छोटी गोळी आहे, त्याच्या कागदावर तर नैराश्यावर असं लिहिलंय. दोन्ही बंद करू का असं मनात येतं.

गॅसमास्क

सुलभाताई, मनाने बंद करू नका. प्रीगाबालिन मज्जारज्जूत तंतूच्या टोकाशी असलेल्या कॅल्शियम वाहिनीच्या अल्फा-२-डेल्टा या भागाला चिकटतं. त्याने ग्लुटामेट, सबस्टन्स पी अशी संदेश देणारी रसायनं कमी सुटतात. फिटमध्ये मेंदूतल्या पेशी जास्त उत्तेजित असतात, तुमच्या दुखण्यात वेदनेच्या वाटेवरच्या, म्हणून औषध एकच. अमिट्रिप्टिलिन नॉरअॅड्रेनलिन वाढवून वरून येणारा ब्रेक बळकट करतं. वेदनेसाठी त्याचा डोस नैराश्याच्या डोसपेक्षा बराच कमी असतो, आणि नैराश्य नसलेल्या माणसातही ते काम करतं. गुण यायला काही आठवडे लागतात आणि प्रत्येकाला येतोच असं नाही. चक्कर, गुंगी, तोंडाला कोरड, पायांवर सूज असं काही होत असेल तर लिहून ठेवा आणि पुढच्या भेटीत सांगा, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर आधीच सांगा. प्रीगाबालिन एकदम थांबवलं तर झोप उडणं, घाम, मळमळ, अस्वस्थपणा होऊ शकतो. बंद करायचंच ठरलं तर तुमचे डॉक्टर डोस हळूहळू उतरवतील. आगीचा पट्टा लहान असेल तर लिडोकेनच्या पट्टीबद्दलही त्यांना विचारा, ती फक्त न फुटलेल्या कातडीवर लावतात.

सुलभा_म

विचारते. पट्टा तळहाताएवढाच आहे.